एका पानाची उमेदवारी

कॉलेजच्या फाटकासमोर किंवा एसटी स्टँडला लागून झेरॉक्सचं एक दुकान असतंच. बाहेर पाटी: 'टायपिंग, लॅमिनेशन, बायोडाटा करून मिळेल'. आत दुकानदार आधी येऊन गेलेल्या कुणाची तरी फाईल उघडतो, नाव बदलतो, जन्मतारीख आणि दहावी-बारावीचे टक्के विचारतो आणि चहा येईपर्यंत प्रिंट हातात देतो. पत्ता नवा असतो, पण 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' आधीच्या पोराचंच राहतं. छंदही त्याचेच. त्यामुळे तालुक्यातल्या झाडून सगळ्या तरुणांना वाचनाची आणि संगीत ऐकण्याची सारखीच आवड आहे, असं कागदोपत्री सिद्ध होतं.

दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याच्याकडचा साचा मुळात वेगळ्या नोकरीसाठी घडला होता. आधीच्या दोन पिढ्यांसाठी नोकरी म्हणजे सरकारी खातं, बँक, शाळा किंवा महामंडळ. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचं, कार्डाचं वेळच्या वेळी नूतनीकरण करायचं आणि 'कॉल'ची वाट बघायची. तिथल्या अर्जाचं काम ओळख पटवण्याचं होतं: संपूर्ण नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, शिक्षण, सोबत साक्षांकित प्रती. आजही एमपीएससीचा किंवा जिल्हा परिषदेच्या भरतीचा अर्ज हेच विचारतो आणि ते बरोबरच आहे, कारण वयोमर्यादा, आरक्षण, अधिवास यांचा निर्णय त्यावर व्हायचा असतो. खासगी कंपनीतल्या माणसाला यातलं काही ठरवायचं नसतं. त्याच्याकडे एक जागा रिकामी आहे, काम अडलंय, आणि समोरचा उमेदवार ते काम उचलेल का एवढंच त्याला हवंय. हा माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहायला बसलं की पानावर काय ठेवायचं आणि काय काढायचं, याचे बहुतेक प्रश्न तिथेच सुटतात.

तो वाचतो कसा, हेही पाहायला हवं. भोसरीच्या छोट्या कारखान्यात मालक स्वतःच जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर रेझ्युमे उघडतो. मोठ्या कंपनीत एचआरमधली मुलगी सकाळपासून तेच करत असते आणि तिच्यापुढे एका जागेसाठी ढीग असतो. अमेरिकेतल्या 'लॅडर्स' या नोकरीविषयक संकेतस्थळाने भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग काढून पाहिला, तेव्हा पहिल्या नजरेला २०१२ साली सुमारे ६ आणि २०१८ साली ७.४ सेकंद मिळतात असं त्यांनी जाहीर केलं. एका कंपनीने स्वतःच केलेली ती छोटी पाहणी आहे, तेव्हा दशांशाला फार चिकटू नये. पण पहिल्या फेरीत रेझ्युमे चाळला जातो, वाचला जात नाही, हे कुठल्याही एचआरवाल्याला विचारा, तो नाकारणार नाही. नजर नावावरून सध्याच्या नोकरीवर जाते, मग पद, तारखा, त्याआधीची नोकरी, शिक्षण. यात काही सापडलं तर पुढचं वाचन.

म्हणजे पानाचा वरचा भाग सगळ्यांत मोलाचा. तिथे आपल्याकडे काय असतं? मधोमध ठळक अक्षरांत 'करिक्युलम व्हिटे' हा मथळा, जणू हा कागद विजेचं बिल आहे असं कुणाला वाटेल. खाली मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोडसह पत्ता. त्याखाली आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःचा आणि संस्थेचा विकास साधण्याची प्रतिज्ञा. ही प्रतिज्ञा काढून टाकल्यामुळे कुणाची नोकरी हुकली असं मी तरी ऐकलेलं नाही. नाव, फोन, ईमेल, शहर एवढं पुरतं. त्याखाली दोन ओळींत आपण कोण, किती वर्षांचा अनुभव, कशात हात बसलाय आणि कुठली जागा शोधतोय ते सांगावं. ईमेलचा पत्ता बारावीत मित्रांनी पाडलेल्या टोपणनावाचा असेल, तर दुसरा उघडायला पैसे पडत नाहीत.

आता मधला भाग, म्हणजे कामाचा अनुभव. खरी लढाई इथे आहे आणि बहुतेक जण इथेच हात आखडता घेतात.

समजा, इचलकरंजीकडचा एक मुलगा आहे. मेकॅनिकल डिप्लोमा केलाय, तीन वर्षं चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे. त्याच्या रेझ्युमेत त्या तीन वर्षांची एक ओळ आहे: 'क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये काम केले. तपासणीची जबाबदारी सांभाळली.' चाकणच्या पट्ट्यातल्या कुठल्याही क्वालिटीवाल्याला ही ओळ जशीच्या तशी लागू पडते, म्हणजेच ती कुणाचीच नाही. त्याला समोर बसवून विचारलं तर तो काय सांगेल? टर्निंग लाईनवर मशिनी किती? सहा. तपासणी कुठली? इन-प्रोसेस, दर तासाला सॅम्पल उचलायचं. मोजायचं कशाने? मायक्रोमीटर, बोअर गेज, आठवड्यातून एकदा पार्ट सीएमएमवर. काही बिनसलं होतं का कधी? हो, एका शाफ्टचा व्यास सारखा जास्त येत होता, कस्टमरची तक्रार आली, तेव्हा नोंदी काढून बघितल्या तर दुसऱ्या पाळीत टूल बदलायला उशीर व्हायचा. मग काय केलं? टूल किती नगांनंतर बदलायचं ते मशिनवर लिहून लावलं. रिजेक्शन? साडेतीन टक्क्यांवरून दीडच्या आत आलं.

हे सगळं त्याच्याकडे होतं. कागदावर उतरलं नव्हतं, इतकंच. आता ओळी अशा होतील: 'सहा सीएनसी टर्निंग मशिनींच्या लाईनवर इन-प्रोसेस तपासणी, मायक्रोमीटर, बोअर गेज, सीएमएम.' आणि दुसरी: 'शाफ्टचा व्यास वाढण्याच्या तक्रारीचं कारण शोधलं, टूल बदलण्याची मर्यादा ठरवून दिली, रिजेक्शन ३.५ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांखाली.' वाचणारा क्वालिटी मॅनेजर असेल तर दुसऱ्या ओळीवर थांबेल, कारण अशी कटकट त्याच्याकडेही रोज चालू असते. मुलाखतीतला पहिला प्रश्नही बहुधा त्यावरच येईल, आणि उत्तर उमेदवाराला पाठ करावं लागणार नाही.

आकडे हवेत म्हणून उगाच आकडे ठोकू नयेत. लाईनवरच्या पाच जणांनी मिळून केलेलं काम असेल तर 'टीमसोबत' लिहावं. 'उत्पादकता ४० टक्के वाढवली' असं ठोकून दिलं की जाणकार माणूस पुढे विचारतोच: कशाच्या ४० टक्के? मोजली कुणी?

जी कामं सुधारणेच्या भाषेत बसत नाहीत, तिथे व्याप सांगावा. लक्ष्मी रोडवरच्या होलसेल दुकानात हिशेब बघणारी बी.कॉम. मुलगी 'टॅली येते' एवढंच लिहिते. टॅली येते म्हणजे नेमकं काय येतं? महिन्याला खरेदीची किती बिलं चढवते, बँक रिकन्सिलिएशन स्वतः करते का, जीएसटीआर-१ आणि ३बी ती भरते की सीएच्या ऑफिसला नुसता डेटा पाठवते, टीडीएस कापून चलन भरलंय का? मासिक विवरणपत्रं भरणाऱ्या व्यापाऱ्याला दर महिन्याची ११ आणि २० तारीख चुकवून चालत नाही. म्हणून 'दोन वर्षांत एकही विवरणपत्र उशिरा गेलं नाही' ही ओळ खरी असेल, तर तिच्याकडचं सगळ्यांत वजनदार वाक्य ते आहे. 'हार्डवर्किंग', 'पंक्च्युअल' ही विशेषणं मग लिहावी लागत नाहीत.

फ्रेशर म्हणतील, आमच्याकडे अनुभवच नाही. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असतो, इंटर्नशिप किंवा अप्रेंटिसशिप असते, आयटीआयचा ट्रेड असतो. फक्त प्रोजेक्टचं नाव देऊन भागत नाही. चार जणांच्या गटात तुमचा हात कशाला लागला होता ते लिहावं. सर्किट तुम्ही जोडलं का, कोडचा कुठला भाग तुमचा, वेल्डिंग कुणी केलं. सुट्टीत वडिलांच्या किराणा दुकानाचा गल्ला सांभाळला असेल, गणेशोत्सवात मंडळाची वर्गणी आणि हिशेब बघितला असेल, तर विक्रीच्या किंवा अकाउंटच्या जागेसाठी तेही लिहावं. ते दोन छंदांपेक्षा कितीतरी जास्त सांगतं. दहावी-बारावीचे टक्के फ्रेशरने द्यावेत, कारण 'सगळीकडे साठ टक्के' अशी अट घालणाऱ्या कंपन्या आहेत. चार-पाच वर्षं नोकरी झाल्यावर मात्र दहावीचे गुण कुणी विचारत नाही, तेव्हा ते काढून जागा मोकळी करावी. त्या टप्प्यापर्यंत एक पान पुरतं, पुढे दोन. तिसरं पान प्राध्यापक आणि संशोधकांसाठी सोडावं.

काढून टाकायच्या गोष्टींची यादी मोठी आहे. वडिलांचं नाव आणि व्यवसाय, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, उंची, वजन, 'ज्ञात भाषा' खाली वाचणे-लिहिणे-बोलणे असा तक्ता, आणि तळाशी 'वरील माहिती माझ्या समजुतीनुसार खरी आहे' अशी शपथ, ठिकाण आणि तारखेसह. यातला बराच ऐवज लग्नाच्या बायोडाट्यातून इकडे आलाय, फक्त गोत्र आणि मामांचं आडनाव तेवढं राहिलं. आधार आणि पॅन क्रमांक तर चुकूनही देऊ नये. रेझ्युमे कुणाकुणाच्या फोनमध्ये फिरतो याचा पत्ता लागत नाही. फोटोही हॉटेलचा फ्रंट डेस्क, विमानातली सेवा असल्या जागांसाठी मागितला तरच.

जात-धर्माची माहिती गाळायला सांगतो, ती नुसती जागा वाचावी म्हणून नाही. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या वर्तमानपत्री जाहिरातींना अर्ज पाठवून एक प्रयोग केला होता. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त तो छापून आला. पात्रता सारखीच, फरक फक्त नावात: काही नावं उच्चवर्णीय हिंदू वाटावीत अशी, काही दलित, काही मुस्लिम. पुढच्या टप्प्याचं बोलावणं येण्याची शक्यता दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना स्पष्टपणे कमी निघाली. हा दोष उमेदवाराच्या लेखणीने दुरुस्त होणारा नाही, तो नोकरी देणाऱ्यांच्या डोक्यातला आहे. आडनाव लपवायला सांगणं तर अपमानास्पदच. पण कामाशी संबंध नसलेली माहिती आपण होऊन पुरवून त्या डोक्याला आणखी खाद्य कशाला द्यायचं?

नावावरून आठवलं. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं. तसंच रेझ्युमेवर लिहिलं की संगणक आडनावालाच पहिलं नाव समजतो आणि मुलाखतीचं पत्र 'डिअर पाटील' असं सुरू होतं. नाव आधी, आडनाव शेवटी ठेवावं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंच्या पदव्या माहेरच्या नावावर असतात. आत्ताचं नाव वर आणि शिक्षणाच्या रकान्यात 'प्रमाणपत्र अमुक नावाने' अशी लहान नोंद केली की पुढे कागदपत्रांच्या वेळी खुलासे करत बसावं लागत नाही.

संगणकाचा विषय निघालाच आहे, तर तो संपवू. मोठ्या कंपन्यांत रेझ्युमे आधी अॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीम नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो, ज्याला सगळे एटीएस म्हणतात. याबद्दल समाजमाध्यमांवर भयकथा फार. 'पंचाहत्तर टक्के रेझ्युमे यंत्रच फेकून देतं' हे वाक्य तुम्हीही वाचलं असेल; त्यामागे कुणाला तपासता येईल असा अभ्यास नाही आणि ते बहुधा रेझ्युमे दुरुस्त करून देणाऱ्यांच्या जाहिरातीत भेटतं. अर्जातल्या प्रश्नांवर चाळणी लावता येते, उदाहरणार्थ पदवी आहे का, पुण्यात यायची तयारी आहे का. बाकी यंत्र प्रामुख्याने फाईलमधला मजकूर उचलून रकान्यांत टाकतं: नाव इथे, कंपनी तिथे, तारखा पलीकडे. मग भरती करणारा त्यात शोध घेतो, म्हणजे 'टॅली' आणि 'जीएसटी' दोन्ही शब्द असलेले, तीन वर्षांहून जास्त अनुभवाचे. त्या शोधात तुम्ही सापडला नाहीत तर कुणी तुम्हाला नाकारलेलं नसतं, तुम्ही दिसलेलाच नसता.

न दिसण्याची कारणं साधी असतात. दोन स्तंभांचा रंगीत साचा यंत्राने आडवा वाचला तर डावीकडचं शिक्षण उजवीकडच्या नोकरीत मिसळतं. फोन नंबर हेडरमध्ये टाकला तर तो कधी कधी सुटतो. 'एक्सेल' पुढे पाचपैकी चार ठिपके रंगवले तर यंत्राला ठिपके कळत नाहीत, आणि माणसालाही चार ठिपक्यांचं एक्सेल म्हणजे पिव्होट टेबल येतं की नाही ते कळत नाही. तपासायची सोपी रीत अशी: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे वरून खाली सरळ वाचता आला तर यंत्रालाही बहुधा येईल. काहीच पेस्ट झालं नाही तर तुमचा रेझ्युमे म्हणजे एक चित्र आहे. मराठीत रेझ्युमे द्यायचा असेल, म्हणजे वृत्तपत्र, प्रकाशन, शाळा, सामाजिक संस्था, तर हीच चाचणी आणखी महत्त्वाची. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेला सुबक मजकूर पलीकडच्या संगणकावर अगम्य अक्षरांचा कचरा होऊन उतरतो.

शोधात सापडायचं तर जाहिरातीतले शब्द वापरावे लागतात. जाहिरातीत 'अकाउंट्स पेएबल' आहे आणि तुम्ही तेच काम करत असाल, तर 'बिलांचं पेमेंट' न लिहिता त्यांचाच शब्द घ्यावा. करत नसाल तर घेऊ नये. प्रत्येक जागेसाठी सगळा रेझ्युमे नव्याने लिहायला कुणाला सवड नसते. वरच्या दोन ओळी आणि कामाच्या ओळींचा क्रम बदलला तरी पुष्कळ झालं. हे काम हल्ली एआयकडून करून घेतात. भाषा तपासायला, इंग्रजी सुधारायला ते ठीक आहे. पण त्याला स्वतःची माहिती न देता 'छान रेझ्युमे लिही' म्हटलं की ते झेरॉक्सवाल्याचंच काम करतं, फक्त इंग्रजी भारी असतं.

खरं-खोटं हा विषय आपल्याकडे नाजूक आहे, कारण पैसे घेऊन 'एक्स्पिरियन्स लेटर' देणारे लोक शहरोशहरी आहेत. नको त्या वाटेला. २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदाला यूएएन क्रमांक मिळतो आणि त्याखाली कुठे कधी रुजू झालात, कधी सोडलंत याचा इतिहास दिसतो. पडताळणी करणारी संस्था तो मागते. दोन वर्षांचा बनावट अनुभव तिथे नसतो, आणि रुजू होऊन सहा महिन्यांनी काढलेल्या माणसाची अवस्था बेकारापेक्षा वाईट. चाकण-रांजणगावच्या अनेक मुलांची अडचण मात्र उलटी आहे. काम नामांकित कंपनीत, पगार ठेकेदाराकडून. ते फक्त कंपनीचं नाव लिहितात आणि पडताळणीत ठेकेदाराचं नाव निघालं की खोटं बोलल्यासारखे दिसतात. दोन्ही नावं लिहावीत: कोणाच्या पगारपत्रकावर आणि कोणाच्या प्लांटमध्ये. त्यात कमीपणा काही नाही, निम्मा कारखाना तसाच चालतो.

मधल्या खंडाचंही तेच. मूल लहान होतं, आई आजारी होती, स्पर्धा परीक्षेची तीन वर्षं गेली, हे एका ओळीत, तारखांसह, सरळ लिहावं. महिने गाळून फक्त सालं लिहिली की अनुभवी डोळा तिथेच अडकतो. परीक्षेची वर्षं अनेकांना लाजिरवाणी वाटतात. महाराष्ट्रात भरती करणाऱ्या बहुतेकांच्या घरात, निदान शेजारी, एक एमपीएससीवाला असतोच.

पोर्टलवरची गोष्ट थोडी निराळी. नोकरी डॉट कॉम १९९७ साली सुरू झालं आणि अजूनही भारतातल्या भरतीचा मोठा व्यवहार तिथे चालतो. तिथे फाईलइतकाच प्रोफाईलला अर्थ असतो: सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पीरियड हे रकाने भरती करणारे गाळणीसारखे वापरतात. आयटीत नव्वद दिवसांची नोटीस सर्रास असल्यामुळे 'पंधरा दिवसांत रुजू होऊ शकतो' हे खरं असेल तर ते दिसेल असं ठेवावं. रेझ्युमेच्या पानावर पगार लिहायचं कारण नाही. प्रोफाईल अधूनमधून अद्ययावत करावं. सहा महिने हात न लावलेलं प्रोफाईल बघून या माणसाला नोकरी लागली असेल असं समजून पुढे जातात.

फाईलच्या नावात तुमचं नाव आणि पद असावं. 'रेझ्युमे फायनल न्यू टू' नावाच्या फाईली एचआरच्या डाउनलोडमध्ये डझनाने पडलेल्या असतात. फोन नंबर दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या, आपल्याला आपला चुकलेला आकडा दिसत नाही. आणि एक वही किंवा एक्सेल शीट ठेवा: कुठल्या कंपनीला, कुठल्या जागेसाठी, कुठली फाईल, कोणत्या तारखेला. तीन आठवड्यांनी अनोळखी नंबरवरून फोन येतो, तेव्हा तुम्ही बसमध्ये असता, आणि पलीकडची बाई विचारते, तुमच्या रेझ्युमेत शाफ्टच्या रिजेक्शनबद्दल लिहिलंय, जरा सांगता का? त्यावर 'कुठल्या कंपनीतून बोलताय?' असं विचारावं लागू नये.